ताई सोफ्यावर बसल्या

आमच्या थोरल्या जाऊबाई पडदे विकतात. मी त्यांना ताई म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्या त्याच दुकानात आहेत. दुकानाबद्दल त्या इतक्या कौतुकाने बोलायच्या, की सुरुवातीला मला वाटलं, मालकीण याच असाव्यात.

दुकान मोठं. तळमजल्यावर टॉवेल आणि पायपुसणी, मधल्या मजल्यावर चादरी आणि अभ्रे, वर सगळे पडदे. आत शिरलं की अंगावर गार हवा आणि कोऱ्या कापडाचा वास. वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकांसाठी एक लांबलचक मऊ सोफा. गिऱ्हाईक त्यावर रेलून बसायचं, आणि ताई समोर उभ्या राहून एकेक तागा उलगडायच्या.

ताईंना त्या कामात गोडी होती. लोक येऊन दोन हात पसरून म्हणायचे, "खिडकी एवढी आहे." ताई माप नंतर विचारायच्या. आधी विचारायच्या, "खिडकीसमोर काय आहे?" समोर दुसऱ्या कुणाची खिडकी असेल तर जाड कापड, झाड असेल तर पातळ. सकाळचं ऊन येतं की संध्याकाळचं, खोलीत कोण झोपतं, बाळ आहे का, म्हातारं माणूस आहे का, सगळं विचारून घ्यायच्या. घरी आल्या की जेवताना आम्हाला त्या परक्या खिडक्यांच्या गोष्टी. सासूबाई म्हणायच्या, "अगं, आपल्या खिडकीला निम्मा पडदा आहे, त्याचं बघ की कधीतरी."

थोरले मालक होते तोवर प्रत्येक मजल्यावर लाकडी स्टुलं असायची. गिऱ्हाईक नसलं की टेकायचं, आलं की उठायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते गेले आणि कारभार मुलाच्या हातात आला. त्याने दिवे बदलले, जिन्यात आरसे लावले आणि बाहेरून एक मॅनेजर आणला. या मॅनेजरने आल्या आल्या सगळी स्टुलं तळघरात टाकली. त्याचं म्हणणं असं, की बसलेला माणूस आळशी दिसतो, आणि आळशी माणसाकडून कुणी काही विकत घेत नाही.

तो स्वतः तळमजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसायचा. समोर कॅमेऱ्यांची चित्रं आणि हातात माइक. कुणी जरा भिंतीला टेकलं की सगळ्या दुकानात आवाज घुमायचा, "वरचा मजला, पडदे विभाग. भिंत पडत नाहीये, तुम्ही धरून ठेवू नका." गिऱ्हाईकं हसायची. ज्याला उद्देशून बोललं त्याचे कान लाल व्हायचे. त्या आवाजाची दुकानात अशी धास्ती होती, की मॅनेजरचं नावच माइक पडलं. तोंडावर सर, पाठीमागे माइक.

लोकांनीही मग आपापल्या युक्त्या काढल्या. खालच्या खणातलं कापड काढायचं निमित्त करून उकिडवं बसायचं, आणि शोधत राहायचं. जो तो गिऱ्हाइकाला खालच्याच खणातलं दाखवू लागला. तो माल इतका खपला, की नव्या मालकाने तेच कापड दुप्पट मागवलं आणि वरच्या खणात लावलं. ताईंनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. बाया थोडा वेळ बसायला मिळावं म्हणून स्वच्छतागृहात जायच्या, हे माइकच्या लक्षात आलं. त्याने तिथे कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या टेबलावर ठेवली. किल्ली मागायला गेलं की मान वर करून विचारायचा, "पुन्हा?" आणि हे पुरुषांसमोर, गिऱ्हाइकांसमोर. ताईंनी आणि बाकीच्या बायांनी दुकानात पाणी पिणंच सोडून दिलं.

मी एका शाळेच्या कार्यालयात काम करते. दिवसभर खुर्चीत बसून माझी पाठ धरते, आणि घरी आल्यावर मी त्याचा पुरेसा गाजावाजा करते. ताई मात्र गुपचूप गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायच्या. एकदा मी टॉवेल द्यायला गेले आणि त्यांच्या पोटऱ्या पाहिल्या. निळ्या-जांभळ्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. मी ओढूनताणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "बसायचं काम बघा."

परत येताना मी म्हटलं, "ताई, सोडा ना ती नोकरी."

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "मला पडदे आवडतात गं. माइक आवडत नाही. माइकसाठी मी पडदे का सोडू?"

दुसरंही कारण होतं, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, रंगकाम करतात. काम आलं की मान वर करायला फुरसत नाही, आणि नसलं की महिनाभर ब्रश कोरडे. घर चालायचं ते ताईंच्या पगारावर.

ताईंच्या हाताखाली एक नवी मुलगी होती. आवाज बारीक, चालणं टुणटुणीत, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिला दिवस गेले. पोट दिसायला लागल्यावर ती माइककडे गेली आणि एक स्टूल मागितलं, वर तिच्यापुरतं. तो म्हणाला, "बसायचं असेल तर घरी बसा. घर कशाला असतं?" बिचारी तशीच जिना चढून वर आली. ताईंनी त्या दिवसापासून तिच्या वाटणीचे जड तागे स्वतः उचलायला घेतले.

त्यानंतरची ती दुपार. एक नवराबायको नव्या घरासाठी पडदे बघायला आले होते. बाई सोफ्यावर बसल्या होत्या, नवरा खिडकीपाशी फोनवर बोलत होता. अर्धाअधिक माल उलगडून झाला होता आणि चिमणी घड्या घालत होती. ताईंनी सहज मागे पाहिलं तर मुलीच्या ओठांचा रंग उतरलेला. हात टेबलाची कड चाचपत होते. ताईंनी ताग्याची घडी तशीच टाकली, तिच्या काखेत हात घालून तिला सावरलं आणि सोफ्याच्या मोकळ्या बाजूला बसवलं. गिऱ्हाईक बाई चटकन सरकल्या, स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून दिली.

चिमणीने दोन घोट घेतले असतील नसतील, तोच आवाज आला. "वरचा मजला. सोफ्यावर कोण आहे? सोफा गिऱ्हाइकांसाठी आहे."

चिमणी उठायला लागली. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडदे विभाग, मी तुमच्याशी बोलतोय. उठा."

ताई मला नंतर म्हणाल्या, "मी काही ठरवलं नव्हतं गं. एवढंच वाटलं, की ही उठली तर पडेल, आणि ही एकटीच बसून राहिली तर हिला फाडून खातील." म्हणून त्या चिमणीशेजारी बसल्या. सोफा इतका मऊ असेल याची त्यांना कल्पना नव्हती. इतकी वर्षं त्याच्यासमोर उभ्या होत्या, पण टेकल्या कधीच नव्हत्या.

माइक स्वतः जिना चढून वर आला. असं कधी झालं नव्हतं. त्याला धाप लागली होती.

"हे काय चाललंय?"

"हिला चक्कर आली," ताई म्हणाल्या.

"हिला आली. तुम्हाला काय झालं?"

"माझे पाय दुखतात."

"उठा."

"उठते. हिला बरं वाटलं की दोघी उठतो."

गिऱ्हाईक बाई मध्ये पडल्या. "अहो, त्या मुलीची अवस्था बघा जरा. बसू द्या की." माइक त्यांच्याकडे वळून गोड हसला, "मॅडम, तुमची गैरसोय झाली, माफ करा," आणि पुन्हा ताईंकडे वळला तेव्हा ते हसू गेलं होतं. "दोघी घरी जा. उद्यापासून येऊ नका. निवांत बसा."

ताईंनी चिमणीला रिक्षात घालून तिच्या घरी पोचवलं आणि भरदुपारी आपल्या घरी आल्या. मी शाळेतून परतले तेव्हा घरात सामसूम. भाऊजी दाराशी उभे, सासूबाई पलंगावर, आणि ताई मधोमध खुर्चीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"कामावरून काढलं हिला," सासूबाई म्हणाल्या. "आणि का, तर म्हणे बसली म्हणून." मग ताईंकडे वळून, "काही हरवलं-बिरवलं नाही ना दुकानात? तुझ्यावर आळ नाही ना घेतला?"

"नाही हो आई. बसले म्हणून काढलं."

"नुसतीच बसलीस?"

"नुसतीच बसले."

सासूबाईंनी थोडा विचार केला. आमच्या सासूबाई तशा सुनांची बाजू चटकन घेणाऱ्यातल्या नाहीत. पण त्या दिवशी त्या अशा काही उसळल्या, की भाऊजींना खिडकी लावून घ्यावी लागली. "माणसाला बसू देत नाहीत? मेल्यांच्या घरात खुर्च्या नाहीत का? आणि तू इतकी वर्षं आम्हाला बोलली नाहीस?" ताईंनी एवढा वेळ डोळे कोरडे ठेवले होते. या वाक्यावर त्यांचा बांध फुटला.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि ताईंना घेऊन कामगार कार्यालयात गेले. मला तरी कुठे काय माहीत होतं? आमच्या शाळेच्या शिपायाने पत्ता सांगितला होता, तेवढ्या भरवशावर. जुनी इमारत, कर्र कर्र करणारा पंखा, बाहेर बाक. आत अधिकारी बाई होत्या, चष्मा केसांत खोचलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुकानात काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावीच लागते," त्या म्हणाल्या. "आणि गरोदर बाईला असं घरी पाठवता येत नाही. हे नियम काही आजचे नाहीत. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासूनचे आहेत."

"मग तिथे कुणी पाळत का नाही?" मी विचारलं.

"कारण इथवर कुणी येत नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बाई, तुमची तक्रार मी घेते. पण तुम्ही एकट्याच असाल तर ते म्हणतील, कामचुकार होती म्हणून काढली. दुकानातलं आणखी कोण बोलेल?"

"विचारून बघते," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून त्या दुकान सुटायच्या वेळी मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहू लागल्या. पहिल्या दिवशी जो तो मान खाली घालून निघून गेला. चादरी विभागातली एक जण थांबली आणि कुजबुजली, "ताई, तुमचं बरोबर आहे हो, पण माझ्या घरी मी एकटीच कमावती." ताई म्हणाल्या, "मला माहितीये गं. जा तू." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मी गेले, कारण त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

मागचं दार उघडलं, माणसं बाहेर पडायला लागली. सगळ्यात शेवटी गल्ल्यावरचे काका आले. हे थोरल्या मालकांच्या वेळचे. डबा काखेत, छत्री हातात. ते सरळ आमच्यासमोर येऊन थांबले.

"कुठे यायचंय सांग. मी येतो."

ताई बघतच राहिल्या. "काका, तुम्ही? तुम्हाला तर खुर्ची आहे."

"म्हणून तर." काकांचा आवाज चढला. "अख्ख्या दुकानात बसलेला मी एकटा. दिवसभर माझ्यासमोर सगळ्यांचे पाय. हा पाय उचल, तो पाय टेक, हेच बघत असतो. तुला वाटतं, त्या खुर्चीत मला सुख आहे?"

ते इतक्या मोठ्याने बोलले, की पुढे गेलेली माणसं वळून बघू लागली. तागे वाहणारा दांडगा गडी परत आला. "काका येत असतील तर मी पण आहे." मग चादरीवाली, ती कमावती एकटी, तीही. कोपऱ्यावर चहाची टपरी होती, तिथे सगळे घोळका करून उभे राहिले आणि एकदम बोलायला लागले. कुणाच्या टाचा, कुणाची कंबर, कुणाला लघवीचा त्रास सुरू झालेला. इतकी वर्षं एकाच छताखाली काम करून हे त्यांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. टपरीवाला म्हणाला, "अहो, चहा तरी घ्या, थंड होतोय."

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ही सगळी मंडळी अधिकारी बाईंच्या घरी थडकायच्या बेतात होती, इतका जोर चढला होता. काकांनी आवरलं. मग सगळे कार्यालय उघडं असताना रीतसर गेले, दोघं-तिघं करून, जेवणाच्या सुट्टीत. बाहेरचा बाक पुरला नाही.

मग एके दिवशी अधिकारी बाई दुकानात आल्या. आधी गिऱ्हाइकासारख्या तिन्ही मजले फिरल्या, आणि खाली येऊन काचेच्या खोलीत शिरल्या. आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "तुमचे कामगार बसतात कुठे?"

माइकला प्रश्नाचा रोख कळला नाही. छाती पुढे काढून म्हणाला, "आमच्याकडे कामगार बसत नाहीत, मॅडम. तुम्ही स्वतःच पाहिलंत ना?"

"पाहिलं," बाई म्हणाल्या. "आणि ती टेबलावरची किल्ली कसली?"

गल्ला काचेच्या खोलीला लागूनच. काकांनी हे जसंच्या तसं ऐकलं आणि संध्याकाळी आमच्या घरी येऊन आवाज काढून करून दाखवलं. सासूबाईंनी त्यांना ते पुन्हा करायला लावलं.

मालकाला सुनावणीला बोलावलं. तो दिवस जवळ आला तसं ताईंच्या घशाखाली काही उतरेना. भाऊजी म्हणाले, "मी येतो बरोबर," पण त्यांना नेमकं त्याच दिवशी काम आलं, म्हणून पुन्हा मीच.

खोली लहानशी. लांब टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या. मालक, माइक आणि त्यांचे वकील एका बाजूला बसलेले. काका आणि मी दुसऱ्या बाजूला बसलो. ताई खुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. मालक समोर, मग बसणार कशा?

अधिकारी बाई म्हणाल्या, "बसा."

"असू दे, ठीक आहे."

"बाई, बसा. इथे सगळे बसून बोलतात."

ताईंनी खुर्ची ओढली, अगदी कडेला टेकल्या. मग हळूहळू मागे सरकून नीट बसल्या. मी टेबलाखालून त्यांचा हात धरला.

मालक तसा तरुण, चेहऱ्याने काही वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "पण इतके दिवस मला कुणीच काही सांगितलं नाही. मला कळणार कसं?"

काका घसा खाकरत होते, पण ताईच बोलल्या. "सांगायला दुकानात माइक एकच होता, साहेब. आणि तो यांच्या हातात होता."

वकील काहीतरी म्हणायला गेले. मालकाने त्यांना हाताने थांबवलं. मग त्याने विचारलं, "वडिलांच्या वेळची स्टुलं कुठे आहेत?"

"तळघरात," काका म्हणाले. "वाळवी नसेल लागली तर."

त्याच बैठकीत ठरलं. ताईंना आणि चिमणीला पुन्हा कामावर घ्यायचं. चिमणीला बाळंतपणाची रजा द्यायची. प्रत्येक मजल्यावर बसायची सोय करायची. कुलूप निघेल. माइकवरून फक्त दुकान बंद व्हायची वेळ सांगायची, आणि कुणाचं मूल हरवलं तर ते.

आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. मला वाटलं होतं, ताई रडतील. त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीय. भयंकर." समोरच्या टपरीवर उभ्या उभ्याच त्यांनी बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला, चहात बुडवून, काकांच्या वाटणीची बिस्किटंसुद्धा. मध्येच कशावरून तरी हसायला लागल्या, मग मला हसू आलं, आणि आमच्यासमोरून आमची बस निघून गेली. पुढची यायला वेळ होता. घाई कुणालाच नव्हती. ताईंनी फोनवर भाऊजींना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "शिडीवर आहे गं. खाली उतरतो, मग सांग."

स्टुलांना वाळवी लागली होती. नवी आणावी लागली. ताई कामावर गेल्या त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शाळेत फोन आला. मी घाबरून उचलला.

"काय झालं ताई?"

"काही नाही. बसलेय, म्हणून फोन केला."

सगळंच काही जागच्या जागी आलं असं नाही. ताईंच्या पायांच्या शिरा गेलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, आहे त्यापेक्षा वाढणार नाहीत, आणि दुखणं मात्र पुष्कळ कमी झालंय. चिमणीला मुलगा झाला. ती त्या दुकानात परतली नाही. "ताई, तो जिना चढायचा म्हटलं की अजून छातीत धडधडतं," म्हणाली. आता औषधांच्या दुकानात काम करते, मुलगा आजीकडे असतो. माइक काही दिवस दुकान बंद व्हायची वेळ इतक्या मधाळ आवाजात सांगायचा, की गिऱ्हाईकं थांबून ऐकायची. मग तो दुसऱ्या एका दुकानात गेला. काका मुद्दाम त्या दुकानात जाऊन तिथल्या लोकांना कामगार कार्यालयाचा पत्ता देऊन आले.

ताईंच्या दुकानातले लोक आता महिन्यातून एकदा मालकाबरोबर बसतात. सध्या कोठीत पंखा हवा, हा विषय चाललाय. तागे वाहणारा गडी तिथे दिवसभर घामाघूम होतो. मालक म्हणतो, बघू. काका म्हणतात, बघू म्हणजे कधी ते सांगा. परवा ताई आम्हाला हे सांगत होत्या, आणि मध्येच त्यांना त्याच दिवशी आलेलं एक गिऱ्हाईक आठवलं. त्याच्या घरी गोल खिडकी आहे म्हणे, जहाजाला असते तशी. तिला पडदा कसा लावायचा, यावर जेवण होईपर्यंत बोलणं चाललं होतं.